रिव्हॉल्व्हरला कुलूप? छे, काहीतरीच!

बंदुकीच्या शौकिनांशी वाद घालू नये म्हणतात. कारण सांगायला नकोच :-) पण गेली दोन-तीन वर्षं एकच मत मी इतक्या जणांकडून आणि इतक्या ठाम आवाजात ऐकतोय, की या वीकेंडला त्यावर एकदाचं लिहून मोकळं व्हायचं ठरवलंय. मत असं, की हल्लीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कंपनी आतच जे किल्लीचं लॉक बसवून देते तो शुद्ध बावळटपणा आहे. ज्याला शस्त्र कळतं त्याला असलं काही लागत नाही, आणि ज्याला लागतं त्याने शस्त्र बाळगूच नये.

हे ऐकवणारे कोण? भाटघरच्या बॅकवॉटरला शेतघर बांधलेले आमचे दाजी, त्यांचे भोरमधले दोन मित्र, आणि ऑफिसातला एक कलीग, जो रविवारी बालेवाडीला एअर पिस्तूल मारायला जातो. दाजींकडे आणि त्यांच्या एका मित्राकडे परवान्याचं थर्टीटू बोअर आहे. दुसऱ्या मित्राचा अर्ज पडून आहे. कलीगकडे काहीच नाही, नुसती मतं आहेत (आयटीवाले आम्ही, मतांचा स्टॉक कायम भरलेला). पण खरी गंमत पुढेच आहे. ज्या लॉकवर हे चौघं तुटून पडतात, ते असलेलं रिव्हॉल्व्हर चौघांपैकी एकानेही हातात धरलेलं नाही. धरणार कसं? आपल्याकडे खासगी माणसाने परदेशी बंदूक आणायची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. नावाजलेल्या नेमबाजांना तेवढी सवलत. आणि किल्लीचं लॉक रिव्हॉल्व्हरच्या पोटात शिरलं ते १९९७ च्या आसपास आणि त्यानंतर. म्हणजे माल आलाच नाही, तक्रार मात्र ड्यूटी न भरता आली. यूट्यूबची कृपा.

तर ही तक्रार मुळात कुठली, ते आधी बघू.

ब्राझीलच्या टॉरस कंपनीने १९९७ च्या सुमाराला आपल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यातच (म्हणजे हॅमरमध्ये. मुंबईत 'घोडा' म्हणजे अख्खं पिस्तूल, तो घोडा वेगळा) किल्लीने फिरवायचं एक छोटं लॉक बसवलं. फिरवलं की घोडा मागे जात नाही. त्यावर फार काही बोंबाबोंब झाली नाही. ती झाली स्मिथ अँड वेसनवर. अमेरिकेत तेव्हा एकामागून एक शहरं बंदूक कंपन्यांवर दावे लावत होती. १७ मार्च २००० ला या कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला: प्रत्येक शस्त्राबरोबर बाहेरून लावायचं कुलूप देऊ, आणि दोन वर्षांत आतलंही बसवू. गिऱ्हाईक भडकलं. 'शरणागती पत्करली' म्हणून शिव्या पडल्या, बहिष्कार पडला, विक्री कोसळली. टॉमकिन्स नावाच्या ब्रिटिश मालकाने ही कंपनी १९८७ मध्ये ११ कोटी २५ लाख डॉलरला घेतली होती. त्याने ती मे २००१ मध्ये दीड कोटी डॉलर आणि डोक्यावरचं कर्ज एवढ्यावर विकून टाकली. घेणारी कंपनी कोण, तर सेफ-टी-हॅमर. बंदुकीची कुलपंच बनवणारी! त्यानंतर स्मिथच्या रिव्हॉल्व्हरच्या डाव्या अंगाला, सिलिंडर उघडायच्या खटक्याच्या वर, ते बारीक भोक आलं. शौकिनांनी त्या भोकाला हिलरी क्लिंटन यांचं नाव दिलं, ते आजही चालतं.

म्हणजे त्या भोकाचा निम्मा राग तरी राजकारणाचा आहे. अमेरिकन माणसाने तो खुशाल बाळगावा, त्याच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगायचा हक्कच लिहिलेला आहे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. शस्त्र परवान्याने मिळतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बाळगता येतात. आतल्या लॉकची सक्ती इथे कोणी केलेली नाही. बंड करायचं तर आधी कोणी काही लादायला तरी पाहिजे ना? पण नाही. दाजी एकदा मला म्हणाले, "पाव्हणं, सरकारला काय कळतंय शस्त्रातलं?" मी विचारलं, "कुठल्या सरकारला, दाजी? हे बिल क्लिंटनचं सरकार होतं." त्यावर चहा आला.

असो. राहिलेला निम्मा राग यंत्राबद्दलचा आहे आणि तो मी मान देऊन ऐकतो, कारण तो बऱ्यापैकी खरा आहे.

रिव्हॉल्व्हरचं सगळं कौतुक कशाचं? चाप ओढला की वाजतो, याचं. काडतूस फुसकं निघालं तर पिस्तूलवाल्यासारखी खटपट नको. पुन्हा चाप ओढा, पुढचं घर समोर येतं. आता या यंत्रात, घोड्याच्या अगदी शेजारी, तुम्ही असा एक तुकडा बसवता ज्याचं काम 'अडवणं' एवढंच आहे. प्रत्येक बाराबरोबर तो हादरणार. वजनाला हलक्या रिव्हॉल्व्हरमधून मॅग्नम काडतुसं मारताना हे लॉक आपसूक लागून बसल्याचे प्रकार अमेरिकेतल्या जाणकार नेमबाजांनी सांगितले आहेत. थोडे, पण सांगणारे लोक थापाडे नव्हेत. आमच्या धंद्यात याला काय म्हणाल? लाइव्ह सिस्टिममध्ये, सगळा ट्रॅफिक जिथून जातो त्याच वाटेवर, एक 'सगळं बंद करा' असा स्विच उघडा ठेवायचा आणि तो कोणाच्या धक्क्याने पडणार नाही अशी प्रार्थना करायची. असं डिझाइन कोणी रिव्ह्यूला आणलं तर मी परत पाठवीन. रुगरने काही मॉडेलमध्ये लॉक मुठीच्या आत लपवलं, आणि खुद्द स्मिथने अलीकडच्या वर्षांत काही मॉडेलं पुन्हा बिनलॉकची काढली. म्हणजे कंपनीलाही त्या भोकाचं फार प्रेम उरलेलं नाही.

इथपर्यंत मी शौकिनांच्या बाजूने हात वर करतो. हे लॉक, या जागी, या पद्धतीने: वाईट डिझाइन. पण मंडळी इथे थांबत नाहीत. 'हे लॉक वाईट' वरून ती एका उडीत 'लॉक हवंच कशाला' वर जातात. आणि ती उडी मारताना तीन गोष्टी पायाखाली तुडवल्या जातात.

पहिली गोष्ट शब्दाची. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवा. अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून पडलं, बार उडाला, गोळी त्यांच्याच पायात शिरली, असं सांगण्यात आलं. बातम्यांत आलं ते असं: वेब्लीचं थर्टीटू बोअर, जुनं, आणि 'लॉकचा तुकडा तुटलेला'. पुढचे दोन दिवस आमच्या शौकीन मंडळींचं एकच पालुपद. "बघा, लॉक असून काय उपयोग झाला?"

अहो, पण कुठलं लॉक? आपण मराठीत दाराच्या कडीपासून फोनच्या पॅटर्नपर्यंत सगळ्याला 'लॉक' म्हणतो, आणि बंदुकीच्या बाबतीत त्या एका शब्दात निदान तीन वेगळ्या वस्तू कोंबतो. एक, अंगठ्याने वर-खाली करायचा सेफ्टीचा खटका. दोन, किल्लीचं लॉक, ज्यावर हा सगळा वाद आहे. आणि तीन, शस्त्र पडलं तरी बार उडू नये म्हणून आतच असलेली अडवण. या तिसऱ्याला किल्ली नसते, खटका नसतो, वापरणाऱ्याला ती आहे हेही कळत नाही. आणि शस्त्र हातातून पडण्याशी संबंध असतो तो या तिसरीचाच. किल्लीच्या लॉकचा प्रश्न वेगळा: शस्त्र कोणाच्या हातात आहे?

या तिसरीचा इतिहास शौकिनांना माझ्यापेक्षा चांगला माहीत असतो, म्हणून जास्त राग येतो. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा विसावलेला असायचा तो थेट काडतुसाच्या बुडावर, किंवा एका केसाच्या अंतरावर. शस्त्र घोड्यावर आपटलं की संपलं. म्हणून जुने जाणते लोक सहा घरांत पाचच काडतुसं भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. कोल्ट कंपनीने १९०५ मध्ये त्यावर आतली अडवण काढली. स्मिथ अँड वेसनलाही दुसऱ्या महायुद्धात धडा मिळाला. त्यांचं व्हिक्टरी मॉडेल एका जहाजाच्या डेकवर पडलं, बार उडाला आणि एक खलाशी मेला. मग कंपनीने युद्ध चालू असतानाच घाईघाईने डिझाइन बदललं. घोडा आणि चौकट यांच्यामध्ये पोलादाची एक पट्टी, जी चाप पूर्ण ओढल्याशिवाय बाजूला होतच नाही. रुगरने १९७३ मध्ये आपल्या जुन्या वळणाच्या रिव्हॉल्व्हरनाही अशीच सोय केली, आणि आधी विकलेल्या शस्त्रांत ती फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली.

हीसुद्धा कंपनीने आत बसवलेली सेफ्टीच ना? हाही यंत्रातला एक जास्तीचा, अडवणारा तुकडाच ना? त्याबद्दल तक्रार नाही. उलट "रिव्हॉल्व्हरला सेफ्टी लागत नाही हो" असं म्हणणारा माणूस ती पट्टी खिशात घेऊनच फिरत असतो. स्मिथनेच १८८७ मध्ये मुठीला दाब दिल्याशिवाय न वाजणारं रिव्हॉल्व्हर काढलं होतं. एका लहान मुलाच्या हाती रिव्हॉल्व्हर लागून झालेल्या अपघातावरून ते सुचलं अशी आख्यायिका आहे. ती जुनी रिव्हॉल्व्हरं आज शौकीन कौतुकाने जमवतात. पणजोबांच्या काळची सेफ्टी 'क्लासिक', आपल्या काळची बावळट.

(जाता जाता: आयात बंद असल्यामुळे आपल्याकडे पन्नास-साठ वर्षांची वेब्ली लाखांत विकली जाते आणि वारसाहक्काने हिंडते. असलं काही घरात असेल तर आधी नीट माणसाकडून तपासून घ्या, आणि तोवर पाचच भरा. खरं म्हणजे एकही भरू नका.)

दुसरी गोष्ट म्हणजे ते वाक्य. प्रत्येक शौकीन ते कधी ना कधी टाकतोच. "खरी सेफ्टी दोन कानांच्या मध्ये असते." म्हणजे डोक्यात. इंग्रजीतून उचललेलं आहे, ऐकायला झकास आहे, टी-शर्टवर छापतात. आता जरा स्वयंपाकघरात चला. कुकरला शिट्टी असते. ती अडकली तर झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो वितळून वाफ सोडतो. आपल्या आयांनी चाळीस-चाळीस वर्षं कुकर लावले, डोक्याने लावले. एखादी म्हणाली का, की हा व्हॉल्व्ह म्हणजे माझ्या हुशारीचा अपमान आहे, काढा तो? नाही. कारण पन्नासाव्या वर्षी, दारात पाहुणे, फोन वाजतोय, नातू रडतोय, अशा एका सकाळी डोकं जागेवर नसतं हे तिला माहीत असतं. बऱ्याच नव्या टू-व्हीलर साइड स्टँड खाली असताना सुरूच होत नाहीत. त्यावर कुणी बुलेटवाला 'खरा स्टँड डोक्यात असतो' असं म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि डोकं जागेवर असूनही होतं. ३० डिसेंबर २०१४, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं हेडन गाव. सुपरमार्केटमध्ये एक आई ट्रॉली ढकलतेय, दोन वर्षांचा मुलगा ट्रॉलीत बसलाय. त्याने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि चाप दाबला. आई जागीच गेली. ती अणुसंशोधन करणाऱ्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती, लपवून शस्त्र बाळगायचा परवाना तिच्याकडे होता, लहानपणापासून बंदुका हाताळलेल्या, आणि पर्सही शस्त्रासाठी झिपचा खास कप्पा असलेली. दोन कानांच्या मध्ये याहून जास्त काय असायला हवं होतं? आपल्याकडे त्याच वर्षी, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' काढलं. अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं, पर्समध्ये मावणारं, सव्वा लाखाच्या घरातलं, खास महिलांसाठी म्हणून गाजावाजा केलेलं. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'प्रबल' आलं. त्याची बातमी काय, तर पल्ला ५० मीटर! आमच्या मंडळींमध्ये आठवडाभर त्या ५० मीटरवर चर्चा. कोथरूडच्या टू बीएचकेत बेडरूमपासून दारापर्यंत किती मीटर भरतात ते मोजून बघा एकदा. पोराच्या हाताला ते लागलं तर काय होईल, हा प्रश्न ना जाहिरातीत दिसला, ना चर्चेत.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी आहे, आणि ती समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. दाजींच्या शेतघराकडे जाताना धरणाची भिंत लागते. येळवंडी नदीवरचं हे धरण, जुनं नाव लॉइड डॅम, १९२८ साली पूर्ण होऊन उद्घाटन झालेलं. त्याला ८१ दरवाजे आहेत आणि त्यातले ४५ स्वयंचलित. पावसाळ्यात पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की पाण्याच्याच जोराने दरवाजा उघडतो, पाणी उतरलं की मिटतो. वीज नको, रात्रपाळीचा माणूस नको, मंत्रालयातून फोन नको. असे स्वयंचलित दरवाजे विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवले होते, ते इंजिनियरिंगच्या प्रत्येक पोराने कधीतरी ऐकलेलं असतं.

पण या दरवाजाचा अर्थ काय? डिझाइन करणाऱ्याने आधी एक प्रश्न सोडवलाय. यंत्र चुकलं तर ते कुठल्या बाजूने चुकलेलं परवडेल? दरवाजा नको तेव्हा उघडला तर पाणी वाया जाईल, खालच्या शेतात शिरेल. पण उघडायला हवा तेव्हा उघडला नाही, तर भिंतच जाईल. म्हणून शंका असेल तर 'उघड'. भिंत जाणं म्हणजे काय हे वेल्हे तालुक्याला सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुणं वाहून निघालं. सेफ्टी म्हणजे शेवटी हाच निवाडा असतो. दोन्ही बाजूंनी कधीही न चुकणारं यंत्र कोणी बनवत नाही.

रिव्हॉल्व्हरचा शौकीन हा निवाडा एका झटक्यात देऊन मोकळा होतो. "हवं तेव्हा वाजलं नाही तर मी मेलो. म्हणून शंका असेल तर वाजलंच पाहिजे." हे उत्तर पोलिसासाठी बरोबर आहे. सैनिकासाठी बरोबर आहे. शस्त्र कमरेला लावून ड्यूटीवर असलेल्या कोणासाठीही बरोबर आहे. त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये किल्लीचं लॉक घालणं हा खरोखरच बावळटपणा होईल.

पण दाजींचं रिव्हॉल्व्हर कुठे असतं? कपाटात. (गोदरेजच्या. कंपनी कुठलीही असो, कपाट गोदरेजचंच.) ताईच्या पैठण्यांच्या मागे, एका रुमालात गुंडाळून. ते बाहेर कधी येतं याचा मी एकदा हिशोब मांडला. खंडेनवमीला, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायला. परवान्याचं नूतनीकरण असेल तेव्हा. आणि कोणी शहरातून आलं की 'दाखवायला'. घेतल्यापासून झाडलेल्या गोळ्या एका पाकिटाच्या आत आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर हा सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालू आहे आणि त्यावर खरी रिक्वेस्ट आजवर एकही आलेली नाही. या ८,७६० तासांत जे चुकू शकतं ते एकाच बाजूने: नको तेव्हा, नको त्या हातात वाजणं. ताईचा धाकटा आठ वर्षांचा आहे. कपाटाची किल्ली कुठे असते हे त्याला माहीत आहे, कारण दिवाळीचे फटाके त्याच कपाटात असतात.

हे मी बोललो तेव्हा दाजी म्हणाले, "पाव्हणं, चोर काय अपॉइंटमेंट घेऊन येतो व्हय? रात्री दोन वाजता किल्ली शोधत बसू?"

दाजी, रात्री दोन वाजता तुम्ही कपाटाची किल्ली शोधणारच आहात. मग पैठण्या बाजूला करणार, मग रुमाल सोडणार, मग काडतुसं, जी दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहेत. या सगळ्यात लॉकची किल्ली फिरवायला जाणारे चार सेकंद तुम्हाला मारणार? आणि शेतघर बंद असताना चोर आलाच, तर त्या कपाटातली सगळ्यात किमती चीज कुठली? तुमचं रिव्हॉल्व्हरच. तो ते घेऊन जाईल, आणि लॉक नसेल तर त्याच रात्री वापरू शकेल.

यावर शौकिनांचं ठरलेलं उत्तर म्हणजे "मग तिजोरीत ठेवा ना, यंत्रात कशाला हात घालता?" उत्तर चांगलं आहे. मला पटतं. फक्त अट एकच, ठेवा. २०१६ च्या शस्त्र नियमांत अर्जदाराने हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी असं आहेच. हमीचा कागद सगळ्यांनी दिला असेल. पण तिजोरीही कोणाच्या ताब्यात आहे हे बघावं लागतं. ८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत अभिषेक घोसाळकरांची फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या झाली. मारणाऱ्या मॉरिस नॉरोन्हाकडे स्वतःचा परवाना नव्हता. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवान्याचं, आणि अंगरक्षक ते नॉरोन्हाच्याच ऑफिसातल्या लॉकरमध्ये ठेवायचा, असं तपासात पुढे आलं. लॉकर होता की! पण किल्ली कोणाच्या हाताला लागणार, हा विचार कोणी केला नव्हता. शस्त्रालाच लॉक असतं आणि त्याची किल्ली परवानाधारकाच्या गळ्यात असती, तर त्या लॉकरमधून निदान त्या क्षणी निघाला असता तो एक जड पेपरवेट.

लॉकने सगळं थांबतं असं म्हणायला मी वेडा नाही. २२ एप्रिल २००६ ला प्रमोद महाजनांवर त्यांच्या भावाने गोळ्या झाडल्या त्या स्वतःच्या परवान्याच्या पिस्तुलातून. किल्ली ज्याची, त्याला कुठलं लॉक अडवणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्यातच एका आमदाराने गोळीबार केला, तेही परवान्याचंच शस्त्र. पुण्याच्या आसपास गुंठ्यावर जमिनी विकून ज्यांच्या गळ्यात साखळ्या आणि कमरेला घोडा आला, त्यांचाही इलाज लॉकमध्ये नाही. तो परवाना देतानाच्या टेबलावर आहे. लॉक आहे ते मालकाखेरीज बाकी सगळ्यांसाठी: पोरगं, कामाला येणारा गडी, चोर, दारू पिऊन आलेला मित्र, आणि नैराश्यात बुडालेला घरातला कोणी. या शेवटच्याबद्दल कोणी बोलत नाही, पण रात्री हातात सहज लागणारं भरलेलं शस्त्र आणि चार कुलपांमागचं शस्त्र यात एका आयुष्याचा फरक पडू शकतो.

म्हणून शौकिनांना माझं सांगणं इतकंच आहे. स्मिथचं ते भोक तुम्हाला नको असेल तर नका घेऊ. तसंही मिळणार नाही. पण त्याऐवजी काय, ते सांगा. नळीतून आणि सिलिंडरमधून ओवायची वायर असलेलं कुलूप यंत्राच्या एकाही स्प्रिंगला हात लावत नाही. आपसूक लागून बसायचा प्रश्नच नाही, कारण काढल्यावर ते शस्त्रात राहतच नाही. लाख-सव्वा लाखाच्या रिव्हॉल्व्हरपुढे त्याची किंमत म्हणजे चिल्लर. सरकारी कारखान्याने ते प्रत्येक खोक्यात घालूनच द्यावं, दुकानदाराने त्याशिवाय माल हातात देऊ नये, आणि नूतनीकरणाला शस्त्राबरोबर ते कुलूपही टेबलावर ठेवायला लावावं. यात तुमच्या मर्दानगीला, राज्यघटनेला किंवा चाप ओढण्याच्या सुखाला कुठेही धक्का लागत नाही. ही मागणी खरं तर तुम्हीच पुढे होऊन करायला हवी. कारण उद्या एखाद्या पोराच्या हातून काही झालं तर सगळ्यांचे परवाने कडक होणार, आणि तेव्हा तुम्हीच सगळ्यात मोठ्याने ओरडणार.

ते चार सेकंदांचं प्रकरण राहिलं. २०२४ साली दोन निवडणुका झाल्या. आचारसंहितेत छाननी समिती ज्यांची नावं काढते त्यांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. दाजींचं नाव दोन्ही वेळेला आलं. लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्याला लागली, निकाल लागला ४ जूनला. म्हणजे जवळजवळ तीन महिने शेतघर रिव्हॉल्व्हरशिवाय होतं. मी विचारलं, "मग दाजी, त्या तीन महिन्यांत रात्री दोन वाजता काय करणार होता?"

"तेव्हा कुत्रं होतं की," दाजी म्हणाले.

कुत्रं अजून आहे.